शुश्रूषेचे शास्त्र आणि आपले घर

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



आपल्या कासार समाजाच्या या वार्षिक संमेलनात चार शब्द बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी मंडळाची मनःपूर्वक आभारी आहे. व्यासपीठावर उभे राहण्याचा मला सराव नाही. माझे बहुतेक आयुष्य रुग्णांच्या खाटांच्या दोन ओळींमधून चालण्यात गेले. १९८२ साली मी परिचारिकेच्या शिक्षणासाठी दाखल झाले आणि २०२२ साली सेवानिवृत्त झाले. या चाळीस वर्षांत जे पाहिले, जे शिकले आणि जेथे चुकले, तेवढेच आपल्यापुढे मांडण्याचा मला अधिकार आहे, आणि तेवढेच मी मांडणार आहे.

चिटणीसांनी हे व्याख्यान प्रथम महिलांच्या सत्रात ठेवले होते. ते सर्वसाधारण सत्रात ठेवावे अशी मी विनंती केली आणि त्यांनी ती आनंदाने मान्य केली. घरातील आजारीपण हा केवळ बायकांचा विषय आहे, ही समजूतच पुष्कळ दुःखाचे मूळ आहे, असे माझे मत आहे. ते का, हे पुढे बोलण्याच्या ओघात स्पष्ट होईल.

आपल्या संमेलनात यापूर्वी नामवंत डॉक्टरांची व्याख्याने झालेली आहेत. रोग कोणता आणि औषध कोणते, हे त्यांनी सांगितले. परंतु डॉक्टर रोग्याजवळ काही मिनिटे असतात. उरलेले सारे तास रोगी परिचारिकेच्या, आणि घरी गेल्यावर घरच्या माणसांच्या हाती असतो. त्या उरलेल्या तासांचेही एक शास्त्र आहे. त्याची तीन अंगे आहेत: रुग्णाचे निरीक्षण, रुग्णाचे व त्याच्या माणसांचे शिक्षण, आणि कुटुंबाला आधार. परिचारिका म्हणजे डॉक्टरांच्या हाताखाली इंजेक्शन देणारी व चादरी बदलणारी बाई, अशी जी समजूत आपल्यात अद्याप शिल्लक आहे, ती या तीन अंगांकडे पाहिल्यावर टिकू नये.

निरीक्षणाचा पहिला धडा मी रुग्णालयात शिकले नाही. तो मी माझ्या आजीजवळ शिकले. सातारा जिल्ह्यातील आमच्या खेड्यात आजी बांगड्यांचे ओझे घेऊन घरोघर जात असे. आपल्यापैकी ज्यांनी ही विद्या पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे की, कासारीण बाईचा हात हातात घेते, अंगठ्याच्या मुळाशी व बोटांच्या पेरांशी हलकेच दाबते आणि न मोजता सांगते, हिला दोन-चारची बांगडी लागेल, हिला दोन-सहाची. काच न फोडता आणि कातडी न ओरखडता ती बांगडी मनगटापर्यंत नेणे हे बळाचे काम नव्हे. ते स्पर्शाच्या ज्ञानाचे काम आहे.

एके दिवशी एका घरी डोहाळेजेवणासाठी हिरव्या बांगड्या भरण्यास आजी गेली होती, आणि मी तिच्याबरोबर होते. त्या मुलीचा हात हातात घेताच आजी थांबली. दोन महिन्यांपूर्वी त्याच हातात सहज गेलेले माप आता पेरांवरच अडत होते. आजीने तिचे पाय पाहिले, तोंड पाहिले, डोके दुखते का म्हणून विचारले, आणि तिच्या सासूला म्हणाली, “बांगड्या उद्या भरू. आधी हिला तालुक्याच्या दवाखान्यात न्या.” सासूला ते अशुभ वाटले, परंतु आजी हटली नाही. ती मुलगी पुढे सुखरूप बाळंत झाली. गर्भारपणी रक्तदाब वाढण्याचा एक गंभीर विकार असतो आणि हातांवर व तोंडावर अचानक येणारी सूज व डोकेदुखी ही त्याची लक्षणे असू शकतात, हे मला कितीतरी वर्षांनी पुस्तकात वाचावयास मिळाले. आजीला रोगाचे नाव माहीत नव्हते. तिला एवढेच माहीत होते की, हा हात पूर्वी असा नव्हता.

बंधुभगिनींनो, ‘पूर्वी असा नव्हता’ हे तीन शब्द म्हणजे रुग्णनिरीक्षणाचे सार आहे.

हे ज्ञान शास्त्राच्या रूपात मांडण्याचे श्रेय फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्याकडे जाते. १८२० साली सुखवस्तू इंग्रज घराण्यात जन्मलेल्या या बाईंच्या परिचारिका होण्याला घरच्यांचा कडवा विरोध होता. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात अडतीस परिचारिका घेऊन त्या स्कुतारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. १८५९ साली त्यांनी शुश्रूषेवर पुस्तक लिहिले; ते केवळ परिचारिकांसाठी नव्हते, तर घरात कोणाची ना कोणाची काळजी वाहणाऱ्या प्रत्येक स्त्रीसाठी होते. पुढच्याच वर्षी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांची परिचारिका-शाळा सुरू झाली. त्या हिंदुस्थानात कधी आल्या नाहीत; तथापि येथील आरोग्याचा त्यांनी अनेक वर्षे अभ्यास केला.

आपल्या महाराष्ट्रात रमाबाई रानडे यांचे स्मरण केल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९०९ साली पुण्यास सेवासदन सुरू झाले, आणि त्या संस्थेतून स्त्रिया ससून रुग्णालयात शुश्रूषेचे शिक्षण घेऊ लागल्या. त्यांपैकी अनेक विधवा होत्या. परपुरुषाला स्पर्श, परजातीच्या माणसाची सेवा, रात्रपाळी, या साऱ्याला त्या काळच्या समाजाने नावे ठेवली. पुढे १९४७ साली परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि शिक्षणाची एक पातळी देशभर ठरली. १९६४ साली मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे परिचर्या महाविद्यालय सुरू झाले, आणि या विषयात मुलींना विद्यापीठाची पदवी मिळू लागली.

परंतु कायदे व महाविद्यालये झाली म्हणून मने बदलतात असे नाही. १९८२ साली मी अर्ज भरला तेव्हा आमच्या घरी तीन दिवस चूल धड पेटली नाही. वडील म्हणाले, मुलीचे लग्न होणार नाही. समाजातील दोन प्रतिष्ठित गृहस्थ त्यांना समजावण्यास आले आणि घराण्याला बट्टा लागेल असे सांगून गेले. शेवटी आजी ओसरीवरून म्हणाली, “आरं, पिढ्यान्पिढ्या आपण लोकांच्या लेकीसुनांचं हात हातात घेतोय, तवा आपलं नाक न्हाई कापलं. पोरीनं आजाऱ्याचा हात धरला म्हंजे काय बुडतंय?” या प्रश्नाला त्या दिवशी कोणाजवळ उत्तर नव्हते. मी मुंबईला गेले.

आता निरीक्षणाविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण ते प्रत्येक घरात उपयोगी पडणारे आहे. नाडी, श्वास, ताप व रक्तदाब ही चार मोजमापे सर्वांना परिचित आहेत. प्रौढ माणसाची नाडी विश्रांतीच्या स्थितीत मिनिटाला साधारण ६० ते १०० असते आणि श्वास १२ ते २०. यांपैकी श्वासाकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते, आणि माणूस खालावू लागल्याची सूचना पुष्कळदा श्वासच आधी देतो. तो मोजावयाचा तर पूर्ण एक मिनिट मोजावा आणि रुग्णाला न सांगता मोजावा. कारण कोणी आपला श्वास मोजत आहे हे कळले की माणूस निराळा श्वास घेऊ लागतो. आम्ही नाडी पाहिल्यावर मनगट तसेच धरून ठेवतो आणि नजर छातीकडे नेतो.

शुद्धी किती आहे हे ठरविण्यासाठीही रीत आहे. १९७४ साली ग्लासगो येथील दोन डॉक्टरांनी तयार केलेल्या मापनात डोळे उघडणे, बोलणे व हालचाल यांना गुण देतात. ते ३ ते १५ असतात. ‘रोगी गुंगीत आहे’ असे मोघम म्हणण्याऐवजी ‘सकाळी १४ होते, आता ११ आहेत’ असे सांगता आले की डॉक्टर धावत येतात.

हे आकडे महत्त्वाचे आहेत. तथापि आकड्यांच्या आधी येणारी एक खूण असते, आणि ती ओळखण्याचे सामर्थ्य घरच्या माणसांत असते. “सिस्टर, आज बाबा वेगळे वाटतात,” असे एखादी मुलगी सांगते. नाडी ठीक, ताप नाही. पण रोज चहा गार झाला म्हणून कुरकुरणारे बाबा आज गार चहा मुकाट्याने पितात. नवशिकी परिचारिका अशा सांगण्याकडे दुर्लक्ष करते. अनुभवी परिचारिका खुर्ची ओढून बाबांजवळ बसते. म्हातारपणी फुप्फुसाचा किंवा लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग तापावाचून, केवळ अशा ‘वेगळेपणातून’ प्रकट होऊ शकतो. यास्तव आपणास माझे सांगणे असे की, घरात दीर्घ आजारी माणूस असेल तर एक साधी वही ठेवा. जेवण किती, झोप किती, लघवी किती वेळा, आणि ‘आज काय वेगळे’ एवढे रोज लिहा. डॉक्टरांना ती वही दाखवा. तिची किंमत एखाद्या तपासणीहून कमी नाही.

आता मी शिक्षणाच्या अंगाकडे वळते. आणि येथे मला माझ्या एका चुकीची हकीगत सांगावयाची आहे. ही मी आजवर कोणत्याही सभेत सांगितलेली नाही.

१९८९ साली मी मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयात काम करीत होते. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेले, वाचा गेलेले अडुसष्ट वर्षांचे एक गृहस्थ आमच्या वॉर्डातून घरी जाणार होते. त्यांची सून न्यावयास आली होती. मी तिला सांगितले की, दर दोन तासांनी कूस बदला, अंग कोरडे ठेवा, उठवून बसवूनच घास भरवा व जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नका. कूस कशी बदलावी हे मी चादर दूर करून एकदा दाखविले. प्रत्येक वाक्याला ती “हो सिस्टर” म्हणत होती. साऱ्याला पाच मिनिटे लागली असतील. मी केसपेपरवर ‘नातेवाइकांना समजावून सांगितले’ असे लिहिले आणि सही केली.

बाविसाव्या दिवशी ते परत आले. माकडहाडावर हाडापर्यंत गेलेले शय्याव्रण, ज्याला सर्वजण बेडसोअर म्हणतात, आणि अंगात सडकून ताप. खाटेभोवती जमलेले नातेवाईक त्या सुनेला बोलत होते. हयगय केली, म्हाताऱ्याला कुजवले, असे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले. वॉर्डात तपासणीस आलेल्या डॉक्टरांनीही तिलाच सुनावले. ती मान खाली घालून उभी होती. मनातून मीही तिलाच दोष देत होते.

दुसऱ्या दिवशी जखम धुताना आम्ही दोघीच होतो. मी सहज विचारले, “ताई, दिवसा घरी कोण असते?” ती म्हणाली, “मी आणि मामंजी. हे छापखान्यात जातात, सकाळी सातला. रात्री नऊला येतात.” मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, “सिस्टर, लग्नाला दोन वर्षं झाली. त्यांच्यासमोर मी डोक्यावरचा पदर अजून खाली घेतलेला नाही. त्यांचं अंग मी कसं उघडू? मी जवळ गेले की ते डाव्या हाताने चादर घट्ट धरतात आणि रडतात.”

ती बाई चौदा तास नवऱ्याची वाट पाहत बसे आणि सासरे चौदा तास एका कुशीवर पडून राहत. यात हयगय कोणाचीच नव्हती. सुनेला मर्यादा होती, सासऱ्यांना लाज होती. आणि या दोन्ही गोष्टी आपल्या घरांत सद्गुण म्हणून शिकविल्या जातात. चूक माझी होती. मी रुग्णाची पाठ तपासली होती, परंतु ज्या घरात ती पाठ जाणार होती ते घर तपासले नव्हते. कूस बदलण्यासाठी अंग उघडावेच लागत नाही, हे मी तिला दाखविलेच नव्हते. पाठीखाली आडवी घडी केलेली चादर ठेवावी, गुडघे दुमडावेत आणि त्या चादरीला धरून आपल्याकडे ओढावे; पांघरूण जागच्या जागी राहते आणि लहान चणीच्या बाईलाही ते जमते. तिच्या मुकाट्याने ‘हो’ म्हणण्याला मी समजणे मानले. वडीलधाऱ्या किंवा अधिकारी माणसाला ‘हो’ म्हणणे ही आपल्याकडे रीत आहे. ती समजल्याची पावती नव्हे.

मग आम्ही नव्याने सुरुवात केली. सकाळी सातच्या आत अंग पुसणे व कपडे बदलणे हे काम मुलाने करावयाचे ठरले. त्याला मी दोन रविवार बोलावून ते शिकविले. चाळीतील एक निवृत्त गृहस्थ दुपारी येऊन भांडे देण्यास तयार झाले. सुनेने चादरीने कूस बदलणे माझ्यासमोर चार वेळा करून दाखविले. चौथ्या वेळी सासऱ्यांनी चादर धरली नाही. जखम भरून येण्यास चार महिने लागले. त्यांची वाचा परत आली नाही.

परंतु बंधुभगिनींनो, एक गोष्ट मी केली नाही. त्या नातेवाइकांसमोर उभे राहून ‘चूक सुनेची नव्हे, माझी आहे’ असे मी म्हटले नाही. तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते, नोकरीची भीती होती, मेट्रनबाईंचा धाक होता. ही कारणे खरी असली तरी पुरेशी नाहीत. तिच्या माथी आलेला ठपका तिच्या आप्तांत पुसला गेला की नाही, हे मला कधीच कळले नाही. आज इतक्या वर्षांनी मी ते वाक्य या सभेत उच्चारते. ते ज्या कानांवर पडावयास हवे होते, त्यांच्यावर पडत नाही, याची मला जाणीव आहे.

त्या दिवसापासून मी शिकविण्याची रीत बदलली. आधी विचारावयाचे, मग सांगावयाचे, मग करून दाखवावयाचे, आणि शेवटी म्हणावयाचे, “मी नीट सांगितले की नाही ते मला कळू दे, आता तुम्ही मला करून दाखवा.” या रीतीला आज जगभर मान्यता आहे. यात परीक्षा शिकणाऱ्याची नसते, शिकविणाऱ्याची असते.

आधी विचारणे का आवश्यक, याचे आणखी एक उदाहरण सांगते. आषाढी एकादशीच्या दिवशी साठीच्या एका मधुमेही बाईंना बेशुद्ध स्थितीत आणले. रक्तातील साखर अतिशय उतरली होती. शिरेतून साखर देताच त्या शुद्धीवर आल्या आणि म्हणाल्या, “तुम्हीच सांगितलंत ना, इंजेक्शन चुकवायचं नाही म्हणून?” त्यांनी उपवास धरला होता आणि इन्सुलिनची पूर्ण मात्रा घेतली होती. प्रत्येक भेटीत त्यांना काय खाऊ नये हे सांगितले होते. परंतु आपण उपवास करता का, हे कोणी विचारले नव्हते. वास्तविक पंढरीची वाट पाहणाऱ्या महाराष्ट्रात हा प्रश्न पहिला असावयास हवा. ज्यांच्या घरी मधुमेह आहे त्यांनी लक्षात ठेवावे: उपवास करावयाचा असल्यास आधी डॉक्टरांना विचारून औषधाची मात्रा ठरवून घ्यावी. घाम, कंप, एकाएकी लागलेली भूक, असंबद्ध बोलणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. शुद्ध असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नये. तडक रुग्णालय गाठावे. एकादशी मोडली म्हणून विठोबा रागावणार नाही.

येथे प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की, आमचे ज्ञानही बदलत आले आहे. अंथरुणावरच्या रुग्णाची लाल झालेली जागा स्पिरिट व पावडर लावून चोळावी, असे आम्हास एके काळी शिकविले जात असे. आज आपण जाणतो की, अशा जागी चोळल्याने आतील नाजूक मांस अधिकच दुखावते. मधे भोक असलेली गोल उशी देण्याची चालही आता सोडून देण्यास सांगतात, कारण तिच्या कडांचा दाब रक्तप्रवाह अडवितो. सावळ्या कातडीवर लाली दिसतही नाही. तेथे हाताने ऊब व कडकपणा पाहावा लागतो. म्हणजे पुन्हा आजीचा स्पर्श आलाच.

तिसरे अंग कुटुंबाला आधार देण्याचे. आजारी माणसाजवळ बसणाऱ्याची प्रकृती कोण पाहतो? रात्री तीनदा उठणारी सून, नोकरी सांभाळून आईचे डायलिसिस करवून आणणारा मुलगा, पतीच्या स्मृतिभ्रंशामुळे दाराला आतून कुलूप घालून बसणारी वृद्ध पत्नी, यांना कोणी ‘तू जेवलास का, तू झोपलीस का’ असे विचारीत नाही. उलट पाहुणे येतात, दहा मिनिटे बसतात आणि तीन सूचना देऊन जातात. भेटीस जाणाऱ्यांना माझी विनंती आहे की, सूचना घरी ठेवून जा आणि दोन तास घेऊन जा. “मी बसतो, तुम्ही झोपा,” या वाक्याहून मोठे सांत्वन मी पाहिलेले नाही.

२०२० साली कोरोनाच्या साथीत आपल्या डोळ्यांदेखत एक विपरीत गोष्ट घडली. कुटुंबाला रुग्णाजवळ येण्यास बंदी झाली. आम्ही अंगभर पोशाख घालून रुग्णांच्या कानाशी दूरध्वनी धरीत होतो. पलीकडून कोणी रामरक्षा म्हणत असे, कोणी शाळेचा निकाल सांगत असे, कोणी केवळ रडत असे. औषध आम्ही देत होतो, प्राणवायू देत होतो. परंतु आपले माणूस हेदेखील उपचारातील एक द्रव्य आहे, हे त्या दिवसांत आम्हास जितके कळले तितके कोणत्याही पुस्तकाने शिकविले नव्हते.

आणि जेथे रोग बरा होणार नाही, तेथेही करण्यासारखे पुष्कळ असते. १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे शांती आवेदना सदन सुरू झाले. अखेरच्या अवस्थेतील कर्करोग्यांसाठी आपल्या देशात निघालेली ती पहिली संस्था. वेदना कमी करणे, तोंड ओले ठेवणे, जखमेची दुर्गंधी घालविणे, निरोपाचे बोलणे होऊ देणे, ही कामे लहान नाहीत. ‘आता काही उरले नाही’ असे म्हणून घरच्यांनी पाठ फिरवू नये. औषध संपते तेथे शुश्रूषा संपत नाही.

आता मंडळापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवून मी माझे भाषण आवरते घेते.

पहिली सूचना अशी की, मंडळाच्या सभागृहात वर्षातून दोन रविवार गृहशुश्रूषेचा वर्ग भरवावा. कूस बदलणे, अंग पुसणे, घास भरविणे, श्वास व नाडी मोजणे, इन्सुलिन देणे, साखर उतरल्याची व पक्षाघाताची लक्षणे ओळखणे एवढे त्यात शिकविता येईल. चेहरा एका बाजूस ओघळणे, हात न उचलणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक दिसल्यास तासाचाही विलंब करू नये. रक्ताची गाठ विरघळविणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. या वर्गाला निम्मे पुरुष असावेत, अशी माझी अट आहे. मी व माझ्या तीन निवृत्त सहकारी तो विनामूल्य चालविण्यास तयार आहोत.

दुसरी सूचना वस्तूंची. आजारीपण सरल्यावर अनेक घरांत चाकांची खुर्ची, हवेची गादी, डोके वर होणारी खाट, चालण्याचा वॉकर धूळ खात पडलेला असतो. या वस्तू मंडळाने एकत्र करून गरजूंना वापरावयास द्याव्यात.

तिसरी सूचना मनातील आहे. आपला शिष्यवृत्ती निधी अभियांत्रिकी व वैद्यकीय विद्यार्थ्यांना दिला जातो, हे योग्यच आहे. त्यात परिचर्येच्या विद्यार्थ्यांसाठी, मुली व मुलगे दोघांसाठी, एक तरी शिष्यवृत्ती असावी. आणि वधूवर सूचक मंडळाच्या यादीत ‘परिचारिका नको, पाळीची नोकरी नको’ अशा अपेक्षा मी आजही वाचते. ज्या घरात ही अपेक्षा लिहिली जाते, त्याच घरात आजोबा अंथरुणाला खिळले की ‘चांगली नर्स मिळेल का’ म्हणून मला दूरध्वनी येतो. यावर मी अधिक भाष्य करीत नाही.

आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्पिढ्या परक्यांचे हात विश्वासाने हातात घेतले आणि काच न फोडता बांगडी भरली. तेच हात आज आपल्या घरातील दुबळ्या, थकलेल्या, लाजणाऱ्या देहाला तितक्याच हळुवारपणे धरावयास शिकले, तर आपल्या व्यवसायाचे खरे सार आपण राखले असे होईल. आणि एखाद्या घरी आजाऱ्याच्या पाठीला जखम झालेली दिसली, तर सुनेला बोल लावण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा, “दिवसा घरी कोण असते?”